पुसलेले चौदा विजय आणि रेजी बुशची आठवण

अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २००५ च्या हंगामात तेरा सामने खेळले आणि त्यांपैकी बारा जिंकले. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात बसून ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना याविषयी काडीचीही शंका नाही. कॉलेजांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या दप्तरी मात्र त्या हंगामात या संघाच्या नावावर एकही विजय नाही. तिथे शिल्लक आहे तो फक्त एक पराभव, ४ जानेवारी २००६ रोजी रोझ बोल सामन्यात टेक्सास विद्यापीठाकडून ४१–३८ असा पत्करावा लागलेला. आधीच्या, म्हणजे २००४ च्या हंगामातील शेवटचे दोन विजयही रद्द झाले आहेत, आणि त्यांत राष्ट्रीय विजेतेपदाचा निर्णय करणारा, ओक्लाहोमा विद्यापीठाविरुद्ध ५५–१९ असा जिंकलेला सामनाही आहे. असे एकूण चौदा विजय एका निर्णयाने पुसले गेले, आणि त्याचे कारण म्हणून ज्या खेळाडूचे नाव घेतले जाते तो रेजी बुश आजही त्या विद्यापीठाच्या चाहत्यांच्या आठवणीतील सर्वांत लाडका खेळाडू आहे.

नियम मोडल्याबद्दल शिक्षा व्हावी की नाही, याविषयी माझा वाद नाही. एखाद्या संस्थेला शिक्षा म्हणून घडलेली गोष्टच घडली नाही असे नोंदवता यावे का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याला माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. बुशच्या बाबतीत चाहत्यांनी जे स्मरण जपले त्यात भाबडेपणा होता, पक्षपात होता, तरीही इतिहासाशी इमान राखण्याच्या बाबतीत ते नियामक संस्थेपेक्षा अधिक प्रामाणिक ठरले, असे मला वाटते.

आपल्याकडे हा खेळ फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती देतो, आणि रनिंग बॅक तो पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांच्या फळीत घुसतो. त्याच्यासाठी वाट मोकळी करण्याचे काम धिप्पाड लाइनमन करतात, पण ती वाट क्षणभरच उघडी राहते. कुठे उघडेल हे आधी ओळखायचे आणि तिथे नेमके त्याच क्षणी पोहोचायचे, हे या जागेवरचे कौशल्य असते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात या जागेची मोठी परंपरा आहे. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला १९३५ पासून दिली जाणारी हाइजमन ट्रॉफी या विद्यापीठाच्या माइक गॅरेटला १९६५ मध्ये, ओ. जे. सिम्पसनला १९६८ मध्ये, चार्ल्स व्हाइटला १९७९ मध्ये आणि मार्कस ॲलनला १९८१ मध्ये मिळाली होती, आणि हे चौघेही याच जागेवरून खेळणारे होते.

बुश सॅन डिएगोजवळच्या भागात वाढला, हीलिक्स हायस्कूलमध्ये खेळला आणि २००३ मध्ये या विद्यापीठात दाखल झाला. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी त्याला एका साच्यात बसवले नाही. कधी तो रनिंग बॅक म्हणून धावे, कधी बाजूला उभा राहून पास झेले, तर कधी प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू उचलून परत पळे. त्याच्या जोडीला लेनडेल व्हाइट हा आडदांड, सरळ अंगावर धावून जाणारा खेळाडू होता, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना एकाच सामन्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या संकटांना तोंड द्यावे लागे. २००५ मध्ये बुशने २०० वेळा चेंडू घेऊन १,७४० यार्ड कापले, म्हणजे दर धावेला सरासरी ८.७ यार्ड. दर धावेला पाच यार्ड मिळाले तरी ज्या खेळात समाधान मानतात, त्या खेळात हा आकडा काय सांगतो, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आकड्यांनी मात्र बुशचा खेळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्याचे चाहते एकत्र आले की बोलणे हमखास १९ नोव्हेंबर २००५ च्या सामन्याकडे वळते. फ्रेझ्नो स्टेट हा फारसा गाजावाजा नसलेला संघ त्या रात्री कोलिझियममध्ये जिवाच्या आकांताने खेळत होता आणि विजेत्यांची मालिका खंडित होते की काय अशी वेळ आली होती. तिसऱ्या सत्रात बुशने चेंडू घेतला, फळीतून बाहेर पडला आणि सीमारेषेच्या कडेने पूर्ण वेगाने निघाला. त्याला मैदानाबाहेर ढकलण्यासाठी बचावपटू तिरपे धावत आले. ते हाताच्या अंतरावर आले असतील-नसतील तोच हा जवळजवळ जागच्या जागी थांबला. पळत आलेल्यांना तसे थांबता येणे शक्य नव्हते, त्यामुळे ते त्याच्या पुढून निघून गेले आणि तोवर हा मैदान आडवे कापत दुसऱ्या टोकाकडे निघालेला होता. पन्नास यार्डांची ती धाव टचडाउनमध्ये, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवण्यात, संपली. त्या रात्री धावून २९४, पास झेलून ६८ आणि चेंडू परत आणताना १५१ असे एकूण ५१३ यार्ड त्याने एकट्याने मिळवले आणि संघ ५०–४२ असा जिंकला. काही आठवड्यांनी हाइजमन ट्रॉफीसाठी मतदान झाले तेव्हा त्याला पहिल्या पसंतीची ७८४ मते मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या, टेक्सासच्या व्हिन्स यंगला ७९.

तो सामनाही पुसलेल्या चौदांपैकी एक आहे. फ्रेझ्नो स्टेटच्या खात्यावर मात्र त्या रात्रीचा पराभव कायम आहे, कारण या शिक्षेत जिंकलेल्याचा विजय काढून घेतला जातो पण हरलेल्याला तो दिला जात नाही. म्हणजे एका संघाच्या नोंदीप्रमाणे तो सामना हरला गेला आणि दुसऱ्याच्या नोंदीप्रमाणे तो कोणी जिंकलाच नाही. एकाच सामन्याविषयी दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकाच संस्थेच्या कागदांवर शेजारीशेजारी असाव्यात आणि तिला त्यात काही विसंगत वाटू नये, याचे मला पहिल्यापासून आश्चर्य वाटत आले आहे.

प्रकरण काय होते? विद्यापीठात शिकत असतानाच बुशचे आणि त्याच्या कुटुंबाचे खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून धंदा सुरू करू पाहणाऱ्या दोघा जणांशी संबंध आले. पैसे, प्रवासखर्च, गाडी आणि आई-वडिलांना राहायला घर अशा स्वरूपाचे, कॉलेज खेळाडूंना तेव्हा नियमाने मना असलेले लाभ त्यांच्याकडून मिळाल्याच्या बातम्या २००६ मध्ये, तो विद्यापीठ सोडून व्यावसायिक फुटबॉलकडे जात असताना, प्रसिद्ध झाल्या. चौकशी चार वर्षे चालली. १० जून २०१० रोजी एनसीएएने निर्णय दिला की डिसेंबर २००४ पासून बुश खेळण्यास अपात्र होता, म्हणून तो ज्यांत खेळला ते त्यानंतरचे विजय रद्द. शिवाय संघाला दोन वर्षे हंगामाअखेरच्या सामन्यांत खेळण्यास बंदी आणि तीन वर्षांत मिळून तीस शिष्यवृत्त्यांची कपात. विद्यापीठाने बुशशी सर्व संबंध तोडावेत असाही आदेश झाला, आणि तो पुढे दहा वर्षे लागू राहिला. विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांनी जुलैमध्ये आपल्याकडची हाइजमनची प्रत परत पाठवली, त्याची चित्रे उतरवली. सप्टेंबरमध्ये बुशने स्वतः ट्रॉफीवरचा हक्क सोडला. ७५ वर्षांत असे करणारा तो पहिला.

या शिक्षेचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला ते पाहण्यासारखे आहे. बुश तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघात होता आणि त्या संघाने त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोल हा व्यावसायिक विजेतेपदाचा सामना जिंकला होता. कॅरल जानेवारीतच विद्यापीठ सोडून सिअ‍ॅटलच्या संघाकडे गेले होते. बंदीची दोन वर्षे ज्यांनी भोगली ते २०१० आणि २०११ चे खेळाडू २००५ मध्ये शाळकरी मुले होती. २०११ च्या संघाने बारापैकी दहा सामने जिंकले आणि तरी हंगाम संपताच त्यांना घरी बसावे लागले. ज्यांच्या हातून काहीही गैर घडले नव्हते त्यांना शिक्षा करून नियमाचा धाक बसवायचा, ही पद्धत न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. ज्या समितीने हा निवाडा केला तिचे अध्यक्ष पॉल डी हे दीर्घकाळ मायामी विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या एका दात्याने आपण त्यांच्या कारकिर्दीत अनेक खेळाडूंना पैसे आणि मेजवान्या दिल्याचे जाहीरपणे सांगितले. एवढ्यावरून निवाडा चुकीचा ठरत नाही, हे मान्य. पण ज्या गोष्टीवर विद्यापीठाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे होते असे समिती म्हणत होती, ती गोष्ट किती सर्रास आणि किती ठिकाणी चालत होती, हे त्यातून दिसते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे डावलून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. नियम सर्वांना माहीत होता. त्या वर्षी देशभर हजारो खेळाडू, त्यांतले कित्येक बुशच्या घरापेक्षा गरीब घरांतले, तो पाळत होते. ज्याने तो मोडला त्याच्या संघाला आणि ज्याने पाळला त्याच्या संघाला एकाच मापाने मोजले तर पाळणाऱ्याची किंमत काय राहिली? अपात्र खेळाडू मैदानात उतरवून मिळवलेला विजय हा मुळातच विजय नाही, तो रद्द करणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे तर खोटे दुरुस्त करणे, असे या बाजूचे लोक म्हणतात.

उत्तेजक द्रव्य घेऊन धावणाऱ्याच्या बाबतीत हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो, कारण तिथे गैरप्रकार धावण्याच्या आतच असतो. पायांत आलेला वेगच उसना असतो. बुशच्या आई-वडिलांना कोणीतरी घर दिले म्हणून फ्रेझ्नो स्टेटचे बचावपटू एक पाऊल उशिरा वळले नाहीत. त्या पैशांनी त्याला त्या विद्यापीठाकडे ओढले असेही नव्हे. तो आधीच तिथे होता, आणि पैसे देणाऱ्यांचा डोळा त्याच्या पुढच्या व्यावसायिक कमाईवर होता. म्हणजे गुन्हा झाला असेल तर तो खेळाडूच्या दर्जाविषयीच्या नियमाचा, खेळाच्या नियमांचा नाही. अशा गुन्ह्याला दंड असू शकतो, विद्यापीठाला आर्थिक शिक्षा असू शकते, नोंदीशेजारी ठळक टीप असू शकते. एवढ्यासाठी नोंदच खोडून टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

संस्थेला हे खोडणे अपरिवर्तनीय वाटते असेही नाही. पेन स्टेट विद्यापीठात एका माजी सहायक प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे आणि ते दडपले गेल्याचे भयंकर प्रकरण उघड झाल्यावर एनसीएएने २०१२ मध्ये १९९८ ते २०११ या काळातील ११२ विजय रद्द केले होते. जानेवारी २०१५ मध्ये, तीन वर्षेही पुरी होण्याआधी, कायदेशीर तडजोडीत ते सर्व परत दिले गेले. विजय परत देण्यात मला चूक वाटत नाही, कारण तिथेही सामने खेळले गेलेच होते आणि त्या अत्याचारांचा न्याय गुणफलकावर होण्यासारखा नव्हताच. पण मग घर आणि गाडी या प्रकरणातले चौदा विजय इतकी वर्षे पुसलेलेच का, याचे उत्तर संस्थेने द्यायला हवे.

हाइजमन ट्रॉफीचीही तीच गोष्ट. १९५९ चा विजेता, लुइझियानाचा रनिंग बॅक बिली कॅनन १९८३ मध्ये खोट्या नोटा छापल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत राहिले. ओ. जे. सिम्पसनवर दोन खुनांचा खटला चालला, फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, दिवाणी न्यायालयाने १९९७ मध्ये त्याला जबाबदार धरले, आणि १९६८ च्या रकान्यात त्याचे नाव होते तसेच राहिले. मी या दोघांची नावे काढावीत असे म्हणत नाही. त्या त्या वर्षी मैदानावर सर्वोत्तम कोण होते याची ती नोंद आहे आणि ती खरी आहे. हाच न्याय लावला असता तर २००५ चा रकाना चौदा वर्षे रिकामा ठेवण्याची वेळ आली नसती.

ज्या पैशांवरून हे सारे घडले त्या पैशांचाही हिशेब मांडला पाहिजे. २००५ च्या शरद ऋतूत कोलिझियममध्ये हंगामातल्या सामन्यांना सरासरी नव्वद हजारांच्या आसपास माणसे येत होती. विद्यापीठाच्या दुकानात गडद लाल रंगाचा, पाच क्रमांकाचा जर्सी टांगलेला असे. त्यावर बुशचे नाव नसे, कारण खेळाडूचे नाव वापरून माल विकणे नियमाविरुद्ध होते. पण तो जर्सी कोणाचा हे विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठाऊक होते. त्या काळच्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्येही संघात पाच क्रमांकाचा एक निनावी रनिंग बॅक असे आणि त्याचा वेग इतरांहून वेगळा असे. तो व्यावसायिक होताक्षणी २००६ च्या आवृत्तीच्या वेष्टनावर त्याचेच छायाचित्र आले. दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे, जाहिराती, प्रशिक्षकांचे लाखो डॉलरचे करार, हे सगळे व्यवहार उजळमाथ्याने चालत होते. मैदानावर अंग ठेचून घेणाऱ्याला मात्र शिकवणी, राहणे, जेवण आणि पुस्तके यांपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती, आणि त्याच्या आईवडिलांनी घर घेतले की तेवढे भ्रष्टाचार ठरत होते.

बुशने जे घेतले ते लपूनछपून घेतले आणि आरोप झाल्यावर बराच काळ ते नाकारले. हे त्याला शोभणारे नव्हते, आणि ज्यांना तो आवडतो त्यांनी हे झाकून ठेवू नये. पण ज्या व्यवस्थेने त्याला शिक्षा केली तिचा पायाच अन्याय्य होता, हे पुढे अमेरिकेच्या कायद्यानेच मान्य केले. २०१९ मध्ये खुद्द कॅलिफोर्नियाने खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करू देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये, खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादांविषयीच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तर आपल्या स्वतंत्र मतात असा धंदा दुसऱ्या जवळजवळ कोणत्याही क्षेत्रात बेकायदा ठरला असता असा शेरा मारला. १ जुलै २०२१ पासून देशभर खेळाडूंना नाव, प्रतिमा आणि लोकप्रियता यांवर पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना वाटा देऊ लागली आहेत. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी डॉलर ठरली. याच तडजोडीत जुन्या खेळाडूंना जी भरपाई ठरली ती २०१६ पासून पुढे खेळलेल्यांना. ज्यांच्या पाठीवर हा धंदा मोठा झाला त्या आधीच्या पिढ्यांना त्यातून काही नाही.

नियम बदलला म्हणून जुना गुन्हा गुन्हा राहत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. इथे मला बुशच्याच कारकिर्दीतली एक घटना आठवते. १५ ऑक्टोबर २००५ रोजी साउथ बेंड इथे नोटर डेमविरुद्धच्या सामन्याला सात सेकंद उरलेली असताना क्वार्टरबॅक मॅट लाइनार्ट टचडाउनच्या रेषेशी अडला आणि मागून आलेल्या बुशने त्याला अक्षरशः ढकलून आत घातले. सामना ३४–३१ असा जिंकला गेला. सोबत्याला असे ढकलणे तेव्हाच्या नियमांत बसत नव्हते, पंचांनी तो नियमभंग धरला नाही, आणि पुढे काही वर्षांनी कॉलेज फुटबॉलने तो नियमच काढून टाकला. नोटर डेमचे चाहते आजही त्या ढकलण्यावरून चिडतात आणि त्यांना तसे करण्याचा पूर्ण हक्क आहे. माझ्या मते नियमभंगाची आठवण ठेवण्याची योग्य रीत हीच आहे. दोन्ही बाजूंना काय घडले ते माहीत आहे, ते गैर होते का यावर वाद चालू आहे, आणि तो वाद घालता येतो कारण घटना कोणी नाकारत नाही. मैदानावर, खेळाच्या आत झालेल्या नियमभंगासाठी त्या सामन्याचा निकाल कोणी बदलला नाही. बदलला तो मैदानाबाहेरच्या व्यवहारासाठी.

अशा वेळी स्मरणाची जबाबदारी चाहत्यांवर येऊन पडली आणि त्यांनी ती निभावली. दहा वर्षे विद्यापीठाला त्याचे नाव घेता येत नव्हते, भिंतीवरून त्याचा जर्सी उतरला होता, पण सामन्यांना येणाऱ्यांच्या अंगावर पाच क्रमांक तसाच होता. बापांनी मुलांना फ्रेझ्नो स्टेटची धाव दाखवली, आणि २००५ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी पोरे आज त्या धावेचा प्रत्येक वळसा सांगू शकतात. पत्रकारांच्या मतांवरून संघांची क्रमवारी लावणाऱ्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २००४ चे आपले विजेतेपद काढून घेण्यास नकार दिला, कारण त्यांची क्रमवारी मैदानावरच्या कामगिरीची होती. नियामक संस्थेला जे सुचले नाही ते वार्ताहरांना आणि प्रेक्षकांना सहज कळले होते.

तरीही चाहत्यांच्या स्मरणाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती मला जिव्हाळ्यापोटीच करावीशी वाटते. बुशवर अन्याय झाला असे हिरिरीने सांगणाऱ्यांतील बहुतेकांनी २००५ मध्ये खेळाडूंना पैसे मिळावेत म्हणून आवाज उठवला नव्हता. तेव्हा त्यांना हवा होता तो शनिवारचा सामना आणि विजय. आजही त्यांचा राग बऱ्याचदा आपल्या विद्यापीठाचे विजेतेपद गेले याचा असतो, एका तरुणाच्या कष्टाचे मोल त्याला मिळाले नाही याचा नसतो. एखाद्या खेळाडूवरचे प्रेम खरे असेल तर त्याच्या धावा आठवताना त्या धावांवर कोणी किती कमावले हेही आठवावे लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये बुशने आपल्या नाव-प्रतिमेच्या वापराच्या मोबदल्यासाठी विद्यापीठावर आणि एनसीएएवर दावा लावला तेव्हा काही चाहत्यांना ते रुचले नाही. इतक्या वर्षांनी ट्रॉफी मिळाली, आता आणखी काय हवे, असा त्यांचा सूर होता. ज्याचा जर्सी आपण विकत घेतला त्याला त्यातला एक छदामही मिळाला नाही, हे माहीत असलेल्या माणसाच्या तोंडी असा प्रश्न शोभत नाही.

ट्रॉफी परत मिळण्याचा इतिहासही फारसा अभिमानास्पद नाही. २०२१ मध्ये नवे नियम येताच बुशने ती मागितली. ट्रॉफी देणाऱ्या हाइजमन ट्रस्टने एनसीएएकडे बोट दाखवले आणि एनसीएएने जुन्या शिक्षा बदलणार नाहीत असे सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूंच्या दालनात त्याला जागा होती आणि त्याच कामगिरीसाठी मिळालेली ट्रॉफी मात्र नव्हती. मार्च २०२४ मध्ये २०१२ चा विजेता जॉनी मॅन्झिएल याने बुशला ट्रॉफी मिळेपर्यंत आपण समारंभाला येणार नाही असे जाहीर केले. अखेर २४ एप्रिल २०२४ रोजी ट्रस्टने ती परत दिली. कॉलेज फुटबॉलमध्ये झालेले मोठे बदल हे त्यासाठी दिलेले कारण होते. मला हे कारण अपुरे वाटते. बदल झाले म्हणून तो सर्वोत्तम ठरला नाही, तो २००५ मध्येच सर्वोत्तम होता. आपण घेतलेला निर्णय चुकीचा होता, असे एक वाक्य ट्रस्टने लिहिले असते तर त्या ट्रॉफीचे मोल आणखी वाढले असते.

आणि चौदा विजय अजून परत आलेले नाहीत, याकडे ट्रॉफीच्या आनंदात दुर्लक्ष झाले आहे. ते विजय बुश एकट्याचे नव्हते. सॅम बेकर, डूस लुटुई, रायन कॅलिल, फ्रेड मटुआ, विन्स्टन जस्टिस या लाइनमननी त्याच्यासाठी वाट मोकळी केली होती. त्यांना ना ट्रॉफी मिळणार होती, ना त्यांच्या क्रमांकाचा जर्सी कोणी विकत घेणार होते, आणि त्यांच्यापैकी कोणावरही या प्रकरणात ठपका नव्हता. त्यांच्याजवळ होते ते फक्त विजय. मटुआ २०१२ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी गेला. तेव्हा अधिकृत नोंदीनुसार, त्याच्या विद्यापीठातल्या शेवटच्या हंगामात त्याच्या संघाने एकही सामना जिंकलेला नव्हता. एका सोबत्याच्या अपात्रतेसाठी पन्नास-साठ निरपराध खेळाडूंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हंगाम काढून घेण्याचा अधिकार एनसीएएला कोणी दिला, या प्रश्नाला संस्थेने आजवर सरळ उत्तर दिलेले नाही. पेन स्टेटच्या बाबतीत जे करता आले ते इथेही करता येईल. बारा आणि दोन असे चौदाही विजय नोंदीत परत लिहावेत, त्यांच्या शेजारी २०१० च्या निर्णयाची आणि त्याच्या कारणांची पूर्ण टीप ठेवावी, आणि पुढे कोणत्याही विद्यापीठाच्या बाबतीत खेळल्या गेलेल्या सामन्याचा निकाल खोडण्याची शिक्षा नियमांतूनच काढून टाकावी. सदर्न कॅलिफोर्नियाच्या चाहत्यांनी ट्रॉफीसाठी जितका आवाज उठवला तितकाच आता यासाठी उठवायला हवा, आणि २००५ मध्ये त्या संघाकडून हरलेल्या विद्यापीठांनीही त्यात सामील व्हावे, कारण आपण कोणाकडून हरलो हे नोंदीत असणे हा त्यांचाही हक्क आहे.